छत्तीस लडी

लक्ष्मी मार्केटातला कवठेकर मला अजून सिस्टरच म्हणतो.
मीटरभर मॅटी, बोथट टोकाच्या दोन सुया,
आणि लडी. एकेक रंगाचं नाव घेत
त्यानं काउंटरवर टाकल्या: रामा, राणी, चिंतामणी,
आमसुली, डाळिंबी, मोरपंखी दोन.
"एवढ्यातून काय काढणार, सिस्टर?"
खंड्या, म्हटलं. तारेवर बसलेला.
"मग निळे अजून घ्या. लबाड पक्षी तो.
लांबून एकच निळा, जवळ गेलं की सात."
शेवटी मी एक खाकीही मागून घेतला.
नक्षीत खाकी कुठंच नाही.

घरी येऊन सगळ्यांची नावं बदलली.
चौतीस वर्षं मिरजेच्या ऑपरेशन थिएटरात काढल्यावर
रंगांची ओळखपाळख दुसरीच होते.
हा आयोडीन. हा जेन्शन व्हायोलेट.
हा गाऊनचा हिरवा, शंभरदा उकळलेला.
हा पिवळा, कावीळ उतरताना डोळ्यांत रेंगाळतो तो.
लाल मात्र एकही खरा नाही.
नसू दे.

गुंडाळायला पुठ्ठा हवा होता.
शेजारच्या नसीमनं खोका दिला, पण त्यात
सितारीच्या भोपळ्याचा भुसा, झटकून जाईना.
मग कपाटावरचं मोठं पाकीट काढलं.
शांतवनचे एक्स-रे, तारखेवार.
खिडकीशी धरले एकेक.
बरगड्या, परत बरगड्या, आणि ते जरा फुगलेलं हृदय,
जे मला डॉक्टरांच्या आधी दिसलं होतं
आणि मी चहा टाकायला आत गेले होते.

कापले.
दोन बोटं रुंद, दोन्ही टोकांना खाच.
एका छातीत एकोणतीस तुकडे बसले.
उरलेले सात गुडघ्यातून काढले.

दोरा ताणून गुंडाळायचा नाही,
नाहीतर वेळेला सुरकुतलेला निघतो.
सहा पदरांतले दोन घ्यायचे, तेही एकेक करून;
दोन्ही एकदम ओढले की लडीचं जाळं होतं.
हे मला कुणी शिकवलं नाही, तीन लडी वाया गेल्या तेव्हा कळलं.
खाकी गुंडाळताना आठवलं,
गार्डाच्या कोटाची बटणं मी कायम काळ्या दोऱ्यानं लावली,
हाताशी तोच असायचा.
कोट घालताना तो बटणावरून अंगठा फिरवायचा फक्त.

रात्री नऊला मोजल्या. पस्तीस.
परत मोजल्या. पस्तीस.
एक तुकडा रिकामा, आरपार दिसणारा,
छातीतलाच.

थिएटरात एक गॉज कमी भरला तर पोट बंद होत नाही.
डॉक्टर सुई धरून उभे राहतात,
बाबूमामा बादली उपडी करतात,
आपापल्या चपलांखाली बघतात सगळे,
आणि भूल देणारा घड्याळाकडे.
मी कधी खोटं "जुळलं, सर" म्हटलं नाही.
एकदा चाळीस मिनिटं थांबवलं होतं सगळ्यांना,
गॉज माझ्याच कोपराला चिकटलेला निघाला.

म्हणून कोपर पाहिलं.
पिशवी उलटी केली, उशा झटकल्या,
साडीच्या निऱ्या सोडून परत घातल्या.
खंड्याच्या पाठीचा निळा, नेमका तो.
कवठेकरचं दुकान उद्या बंद, सोमवारी विचारीन.

पण कापड समोर होतं.
चौघडी घालून मधली खूण काढली.
चौकोनात फुली भरणं काही नवं नाही;
तापाचे तक्ते भरलेत आयुष्यभर,
इथं फक्त कुणाला ताप नाही.
गाठ मारायची नाही म्हणे,
शेपटी मागे धरायची,
पहिल्या चार टाक्यांखाली दाबून टाकायची.
हाताला पटेना. हात आपला
गाठीच्या वळणावर जाऊन थबकतो.

इथं बंद काहीच करायचं नाहीये, मी त्याला सांगितलं.

मधोमध पक्षी नाही, तार येते.
तार काळी.
काळा पस्तिसांत होता.